पिळदार शरीराचे ॲक्शन हिरो: यांच्यात खरा नट कोण?

मध्यलय

पिळदार शरीराच्या ॲक्शन हिरोंचा विषय निघाला की गप्पा हटकून दोनपैकी एका वळणावर जातात. एक म्हणजे "यांना कुठे अभिनय येतो, नुसते दंड दाखवतात". दुसरं म्हणजे "अभिनय बघायचा असेल तर दुसरं काही लावा, इथे धुलाई बघायला यायचं". मला दोन्ही अन्यायाची वाटतात. या मंडळींच्या अभिनयात फरक आहे आणि तो चांगला ठळक आहे. स्टॅलोन, श्वार्झनेगर, व्हॅन डॅम, लुंडग्रेन, विन डिझेल, ड्वेन जॉन्सन, जॉन सीना, डेव्ह बटिस्टा, स्टेथम या सगळ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्याने यांचे सिनेमे लक्ष देऊन बघितलेले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कुंपण घालून घेऊ. ख्रिश्चन बेल, टॉम हार्डी, ह्यू जॅकमन हे आधी नट, अंग त्यांनी भूमिकेसाठी कमावलं. त्यांना इथे आणलं तर स्पर्धाच उरत नाही. मला बोलायचंय ते ज्यांचं शरीर हीच त्यांची पहिली ओळख आहे त्यांच्याबद्दल. व्यायामशाळेतून, कुस्तीच्या रिंगणातून, मार्शल आर्टच्या स्पर्धांमधून आलेले, किंवा स्टॅलोनसारखे, ज्यांचं नाव घेतलं की आधी खांदे आठवतात.

माझी कसोटी साधी आहे. अंगातली ताकद जिथे काहीच कामाची नाही, अशा प्रसंगात हा माणूस काय करतो? समोर शत्रू नाही, फोडायला दार नाही. फक्त दुसरं माणूस बोलतंय आणि याला ऐकायचंय. तिथे डोळ्यांत काही चालू असतं की हा आपलं वाक्य कधी येतं याची वाट बघत असतो?

या कसोटीवर माझा पहिला नंबर डेव्ह बटिस्टाचा. 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) ची सुरुवात आठवा. सॅपर मॉर्टन नावाचा एकटा राहणारा शेतकरी, चुलीवर भांडं उकळतंय, आणि त्याला संपवायला आलेला रायन गॉसलिंग त्याच्याच घरात बसलाय. बटिस्टाच्या नाकावर इवलासा चष्मा. एवढा अजस्र देह, पण तो खांदे आत ओढून वावरतो, हात जपून हलवतो, जणू घरातल्या वस्तू आपल्या धक्क्याने पडतील याची सवयीची काळजी आहे. आवाज थकलेला. पुढे मारामारी होणार हे आपल्याला कळलेलं असतं, त्यालाही कळलेलं असतं, आणि तरी तो ती वेळ दोन वाक्यांनी पुढे ढकलायला बघतो. पडद्यावर जेमतेम काही मिनिटं आहे तो. पण पुढच्या अख्ख्या सिनेमाचं दुःख त्या मिनिटांत पेरलेलं आहे. दिग्दर्शक व्हिलनव्हचं श्रेय आहेच, पण दिग्दर्शक नटाच्या पापण्या हलवत नाही.

तुमचा नंबर कोणाचा, आणि कोणत्या प्रसंगावरून? प्रसंग सांगाच. नुसतं "अमुक भारी" म्हणून पुढे जाऊ नका.

शेवटची_रांग

धागा आवडला, कसोटीही मान्य. पण त्याच कसोटीवर स्टॅलोन पहिला येतो आणि दुसरा बराच मागे राहतो.

'रॉकी' (१९७६) मधला मिकीचा प्रसंग घ्या. मुष्टियोद्धा रॉकीला आयुष्यभर हिणवणारा म्हातारा प्रशिक्षक मिकी, त्याला मोठी लढत मिळाल्याचं कळल्यावर त्याच्या खोलीवर येतो. मला तुझा मॅनेजर कर, म्हणून अक्षरशः विनवतो. रॉकी काय करतो? काहीच नाही. त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही. शेवटी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतो. म्हातारा निघून जिना उतरायला लागतो आणि मग बंद दारापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात रॉकी ओरडायला लागतो. दहा वर्षांचा साठलेला अपमान बाहेर पडतो, पण तोंडावर नाही, पाठीमागे. मग तो धावत रस्त्यावर जातो. कॅमेरा लांब आहे, संवाद ऐकू येत नाहीत, नुसतं दिसतं की त्याने म्हाताऱ्याला थांबवलं आणि हात मिळवला. राग, लाज आणि दया या तिन्ही गोष्टी एका माणसात एका वेळी असतात हे दाखवायला मोठमोठ्या नटांना घाम फुटतो.

आणि हे त्याने स्वतः लिहिलं होतं. त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेता आणि मूळ पटकथा अशा दोन्ही विभागांत त्याला ऑस्कर नामांकन होतं. सिनेमाला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

दुसरी गोष्ट. जन्माच्या वेळी चिमट्याने इजा झाल्यामुळे स्टॅलोनच्या चेहऱ्याचा डावीकडचा खालचा भाग लुळा राहिला आणि बोलणं जड झालं. ओठ वाकडा आणि उच्चार अडखळते, हे भांडवल घेऊन तो या धंद्यात आला. नटाची दोन मुख्य हत्यारं म्हणजे चेहरा आणि वाणी. दोन्ही जायबंदी असताना त्याने डोळ्यांवर काम केलं. रॉकी ॲड्रियनशी, म्हणजे त्याच्या प्रेयसीशी, बोलताना सतत काहीतरी चाळवत असतो, टोपी, चेंडू, पाळलेली कासवं. ज्याला बोलता येत नाही असा माणूस हातांनी बोलतो, हे निरीक्षण आहे, योगायोग नाही.

उनाड_वारा

+१ स्टॅलोन. 'फर्स्ट ब्लड' (१९८२) चा शेवट कसा काय कोणी विसरतं! रॅम्बो म्हटलं की लोकांना मशीनगन आठवते, ती पुढच्या भागांची देणगी. पहिल्या भागात संपूर्ण सिनेमाभर हा माणूस जवळपास गप्प आहे, आणि शेवटी कर्नल ट्राउटमनसमोर एकदम फुटतो. मित्राच्या अंगाच्या चिंधड्या उडाल्या ती गोष्ट सांगायला लागतो आणि वाक्यं एकमेकांवर आदळायला लागतात. काही शब्द तर कळतही नाहीत. कळायची गरजही नाही. कोपऱ्यात जमिनीवर बसून तो कर्नलला लहान मुलासारखा बिलगतो. इतका मोठा स्टार इतकं नाक गळेपर्यंत रडायला आजही तयार होणार नाही.

दंडबैठक

मी व्यायामशाळेत शिकवतो, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. धागाकर्त्यांच्या कसोटीतच मला खोट दिसते. शरीर कामाला येत नाही तिथेच अभिनय सुरू होतो, असं तुम्ही गृहीत धरलंय. का बरं? नर्तकाचं शरीर हा त्याचा अभिनय असतो हे आपण मान्य करतो. मूकपटातल्या नटांना तर शरीराखेरीज होतं काय?

'टर्मिनेटर' (१९८४) मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरला संवाद अगदीच मोजके आहेत. तो माणूस नाही हे तो निव्वळ हालचालीतून पटवतो. नीट बघा, तो वळतो तेव्हा आधी डोळे फिरतात, मग मान, मग धड. माणूस असा वळत नाही. बंदुकीत गोळ्या भरताना हाताकडे बघत नाही. गोळी झाडताना पापणी लवत नाही. ज्यांनी बंदुकीचा आवाज जवळून ऐकलाय त्यांना कळेल की पापणी न लवू देणं ही केवढी सरावाची गोष्ट आहे. चालताना वजन टाचेवरून चवड्यावर जातं तेही एका लयीत. सात वेळा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकलेला माणूस आहे हा. स्नायू वेगवेगळे, सुटे हलवायचे हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. ती विद्या त्याने थेट भूमिकेत वापरली.

आणि १९९१ च्या दुसऱ्या भागात तेच यंत्र घेऊन त्याने त्यात हळूहळू माणूसपण कालवलं. ज्याला वाचवायला आलाय त्या पोराकडे बघण्याची पद्धत सुरुवातीला आणि शेवटी ताडून बघा. चेहरा तोच, काहीतरी बदललंय, पण नेमकं काय ते बोट ठेवून दाखवता येत नाही. याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अवांतर: उघड्या अंगाच्या प्रसंगांआधी ही मंडळी पाणी पिणं तोडतात, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटून रेषा दिसाव्यात. ह्यू जॅकमनने हे उघड सांगितलंय. त्या अवस्थेत डोकं बधिर होतं, चिडचिड होते, तोंड कोरडं पडतं. अशा दिवशी संवाद म्हणायचे आणि समोरच्या नटाला प्रतिसादही द्यायचा. प्रेक्षकाला फक्त पोटावरचे चौकोन दिसतात.

मध्यलय

दंडबैठक, डोळे-मान-धड हा क्रम मी आज पुन्हा लावून बघितला. फार छान टिपलंय तुम्ही. शरीराने केलेला अभिनय हा अभिनयच, यावर माझा काहीच वाद नाही. आर्नोल्डबद्दलची अडचण वेगळी आहे. यंत्र, रानटी योद्धा, किंवा 'ट्विन्स' (१९८८) मधला जगाशी ओळख नसलेला भाबडा जुळा भाऊ, या सगळ्या भूमिकांत तो 'परका' आहे. त्याचा जर्मन वळणाचा उच्चार आणि अवाढव्य देह या परकेपणाला शोभून दिसतात. साधा बाप, साधा नवरा, साधा शेजारी म्हणून तो उभा राहिला की गाडी अडते.

'मॅगी' (२०१५) मध्ये त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. मुलगी हळूहळू झॉम्बी होत चाललीय आणि शेतावरच्या घरात बाप तिची सोबत करतोय. मारामारी जवळपास नाहीच. दाढी पांढरी, चेहऱ्यावर सुरकुत्या, आणि तो चेहरा खूप काही सांगतो. पण संवाद आले की पकड सुटते. शब्दांच्या आत भावना शिरत नाही, शब्दांच्या बाजूला उभी राहते.

दंडबैठक

'मॅगी'बद्दल अर्धं मान्य. पण स्वतःची मर्यादा ओळखून त्यातून कारकीर्द उभी करणं ही अक्कल आहे आणि ती नटाच्याच कामाचा भाग आहे. हा माणूस १९७० साली पहिल्या सिनेमात आला तेव्हा त्याचा आवाज दुसऱ्याने डब केला होता. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'द लाँग गुडबाय' मध्ये (१९७३) त्याला एकही वाक्य नव्हतं. तिथून 'ट्विन्स'पर्यंत तो आला, जिथे डॅनी डिव्हिटोसारख्या मुरलेल्या नटासमोर त्याचं विनोदाचं टायमिंग कुठेही मागे पडत नाही. विनोद हा सर्वात कठीण अभिनय. स्टॅलोनला तो कधीच जमला नाही. 'स्टॉप! ऑर माय मॉम विल शूट' (१९९२) बघा म्हणजे पटेल.

शेवटची_रांग

तो सिनेमा फसला हे कोणीच नाकारत नाही. पण विनोद येत नाही म्हणून नट कमी, हा कुठला न्याय?

सावरी

सगळी यादी पुरुषांचीच दिसतेय. लिंडा हॅमिल्टनला कुठे ठेवताय? 'टर्मिनेटर २' ची चर्चा करायची आणि तिचं नाव नाही? पहिल्या भागातली गोबऱ्या गालांची सारा कॉनर आणि दुसऱ्या भागात दवाखान्याच्या खोलीत लोखंडी पलंगाच्या कडेला लटकून पुलअप्स मारणारी सारा. तिचे दंड बघूनच मधल्या वर्षांत काय झालं असेल ते कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

आणि मध्यलय, तुमच्याच कसोटीचा प्रसंग देते. ती डायसन नावाच्या शास्त्रज्ञाला मारायला त्याच्या घरी जाते. गोळ्या झाडते, तो जखमी होऊन जमिनीवर पडतो, बायको किंचाळतेय, लहान मुलगा बापाला बिलगून बसलाय. साराने बंदूक रोखलेली. आणि तिला चाप ओढता येत नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तो यांत्रिक कठोरपणा एकेका भागाने सुटत जातो. मग ती मागे सरकत भिंतीला टेकते आणि घसरत खाली बसते. इतकी कमावलेली बाई, आणि त्या क्षणी अंगात काडीचं बळ नाही. स्नायू आहेत आणि ताकद नाही, हे एकाच चौकटीत दाखवणं मला या अख्ख्या प्रकारातलं सर्वोत्तम काम वाटतं.

शिवाय पुरस्कारांचं बोलायचं तर 'एलियन्स' (१९८६) साठी सिगर्नी वीव्हरला उत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं. ती काही पिळदार शरीराची म्हणून ओळखली जात नाही, पण ॲक्शन सिनेमातल्या अभिनयाला ऑस्करवाले बघतच नाहीत हे काही खरं नाही.

मध्यलय

सावरी, डायसनच्या घरचा प्रसंग जबरदस्त. कुंपणाच्या दृष्टीने हॅमिल्टन आधी नटी, मग शरीर. पण त्या प्रसंगासाठी मी कुंपण आनंदाने मोडतो.

कोरा_कागद

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करतोय, म्हणून कुस्तीतून आलेल्या तिघांबद्दल थोडं लिहितो: जॉन्सन, सीना, बटिस्टा.

लोक म्हणतात, डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती खोटी, मग तिथून नट कसे येणार? मला उलट वाटतं. ती एक प्रकारची रंगभूमीच आहे. हजारोंच्या प्रेक्षागारात शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला तुमचं दुखणं दिसलं पाहिजे. मार बसल्याचा अभिनय तिथे रोजचा. माइक हातात घेऊन गर्दीला दहा मिनिटं धरून ठेवायचं, प्रतिसाद ऐकून वाक्य बदलायचं, हेही रोजचं. रीटेक नाही. नटाला याहून चांगली तालीम कुठली मिळणार?

पण कॅमेऱ्यासमोर आलं की हीच तालीम आडवी येते. आमच्या नाटकवाल्यांचंही असंच होतं. शेवटच्या रांगेसाठी मोठी केलेली भुवई क्लोजअपमध्ये किंचाळते. आता या तिघांनी काय केलं ते बघा.

सीनाने ते मोठेपण सोडलंच नाही, त्याचा विनोद केला. 'ट्रेनरेक' (२०१५) मध्ये एमी शूमरसमोर तो इतका हळवा आणि इतका अवघडलेला आहे की हसता हसता कीव येते. 'पीसमेकर' मालिकेत (२०२२) आणखी एक पायरी वर गेला. बढाईखोर माणूस खोलीत एकटा असताना त्याची बढाई कुठे जाते, ते त्याने दाखवलं.

बटिस्टाने ते मोठेपण पूर्ण पुसून टाकलं. त्याने मुलाखतीत उघड सांगितलंय की मला दुसरा रॉक (जॉन्सनचं कुस्तीतलं नाव) व्हायचं नव्हतं, मला चांगला नट व्हायचंय. त्याने निवडलेल्या भूमिका बघितल्या की हे बोलणं नुसतं बोलणं नाही हे कळतं. लहान भूमिका, मोठे दिग्दर्शक.

आणि जॉन्सन. तिघांत देखणा, तिघांत हजरजबाबी, पडद्यावर आला की नजर हटत नाही. पण वर्षानुवर्षं त्याने ती ओळखीची भुवई आणि ते हसू यांच्यापलीकडे पाऊल टाकलं नाही. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती की 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेत डिझेल, जॉन्सन आणि स्टेथम यांच्यापैकी कोणी कोणाकडून किती मार खायचा यावरही खल होतो, कोणाचाही हिरो हरलेला दिसायला नको म्हणून. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. हरायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसाला अभिनय करायला जागाच उरत नाही. रॉकी पहिल्या सिनेमात हरतो, लक्षात आहे ना? म्हणून तो आजही आठवतो.

उनाड_वारा

हे शेवटचं एकदम पटलं. रॉकी निकालाकडे लक्षच देत नाही, ॲड्रियनला हाका मारत असतो. निवेदक काय जाहीर करतोय ते आपल्यालाही धड ऐकू येत नाही.

अबोली_२

जॉन्सनबद्दल थोडी घाई होतेय. 'द स्मॅशिंग मशीन' (२०२५) बघितला का? बेनी सॅफ्डीला त्यासाठी व्हेनिस चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. जॉन्सनने मार्क केर या खऱ्याखुऱ्या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढवय्याची भूमिका केलीय. चेहऱ्यावर काझू हिरो या रंगभूषाकाराचा मेकअप, त्यामुळे ती प्रसिद्ध भुवई सापडतच नाही. पण मला मेकअपपेक्षा आवाजाने धरून ठेवलं. केर फार मृदू बोलतो. एवढा माणूस, सगळ्यांशी अदबीने, जवळजवळ माफी मागितल्यासारखा. आणि आतून वेदनाशामक औषधांच्या आहारी गेलेला. एमिली ब्लंटबरोबरच्या घरातल्या भांडणात तो आवाज चढवायचं टाळत राहतो आणि आपण खुर्चीत अवघडून बसतो, कारण हा कधीतरी फुटणार हे दिसत असतं.

सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही. लोकांना त्यांचा नेहमीचा रॉक हवा होता. पण म्हणून काम लहान होत नाही.

कोरा_कागद

बघितलाय, आणि काम चांगलं आहे हे मान्य. माझं म्हणणं इतकंच की इतक्या वर्षांत त्याने स्वतःला ही संधी दिली नाही. २०१३ मध्ये 'पेन अँड गेन' मध्ये चुणूक दिसली होती, देवभोळा, सुधारायची धडपड करणारा आणि पुन्हा व्यसनात घसरणारा गुन्हेगार. तो धागा पकडून तेव्हाच पुढे गेला असता तर आज या चर्चेत पहिलं नाव त्याचं असतं.

सावरी

विन डिझेलवर कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते. याच्याइतकी वाया गेलेली गुणवत्ता या यादीत दुसरी नाही. १९९५ मध्ये त्याने स्वतः लिहून, दिग्दर्शित करून 'मल्टि-फेशियल' नावाचा लघुपट केला. ऑडिशनमागून ऑडिशन देणाऱ्या, कोणत्याच वंशाच्या चौकटीत न बसणाऱ्या नटाची गोष्ट. तो बघून स्पीलबर्गने त्याला 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' मध्ये घेतलं. २००६ मध्ये सिडनी ल्युमेटने त्याला 'फाइंड मी गिल्टी' मध्ये नायक केलं. '१२ अँग्री मेन' आणि 'डॉग डे आफ्टरनून' करणारा ल्युमेट! डिझेलने वजन वाढवलं, डोक्यावर केस लावले आणि कोर्टात स्वतःचं वकीलपत्र स्वतःच घेणारा माफिया गुंड रंगवला. न्यायाधीशाची खोड काढायची, ज्युरींना हसवायचं, आणि संध्याकाळी कोठडीत एकटं बसायचं. तो एक सिनेमा बघून कोणीही म्हणेल की हा माणूस चरित्र अभिनेता आहे. तो चालला नाही आणि मग गाड्याच गाड्या.

'द आयर्न जायंट' (१९९९) मधला आवाज त्याचाच. थोडक्या शब्दांत मोठ्या माणसांना रडवलंय त्याने.

शेवटची_रांग

सावरी, १००% सहमत. 'फाइंड मी गिल्टी' फार कमी लोकांनी बघितलाय.

आता व्हॅन डॅमचं नाव घ्यायलाच हवं. 'जेसीव्हीडी' (२००८) मध्ये तो स्वतःचीच भूमिका करतो, उतरती कळा लागलेला ॲक्शन स्टार, पोस्टात दरोड्यात अडकलेला. मध्येच त्याची खुर्ची सेटच्या वर उचलली जाते, दिव्यांच्या पातळीला, आणि तो सरळ कॅमेऱ्यात बघून बोलायला लागतो. एकच सलग शॉट, काही मिनिटांचा. व्यसन, बायका, यश, ते यश आपल्याला मिळायला हवं होतं का ही टोचणी. मला तो प्रसंग बघवत नाही आणि नजरही काढवत नाही. पण एका प्रसंगावर नट ठरवायचा का, हा प्रश्न राहतोच. बाकीची कारकीर्द या उंचीच्या जवळपास येत नाही.

दंडबैठक

मग लुंडग्रेनलाही एका प्रसंगाचं श्रेय द्या. 'रॉकी ४' (१९८५) मध्ये त्याने केलेला प्रतिस्पर्धी मुष्टियोद्धा इव्हान ड्रॅगो म्हणजे बोलता चालता पुतळा. त्या सिनेमात रॉकी टॉवेल फेकत नाही, म्हणजे हार मानून लढत थांबवत नाही, आणि त्याचा मित्र अपोलो ड्रॅगोच्या हातून रिंगणात मरतो. ३३ वर्षांनी 'क्रीड २' मध्ये ड्रॅगो परत येतो, म्हातारा, देशाने झिडकारलेला, मुलाला पढवून रिंगणात उतरवणारा. मुलगा मार खातोय, पण पडायला तयार नाही, कारण बापाचं प्रेम जिंकण्यावर टांगलेलं आहे असं त्याला वाटतं. लुंडग्रेन ते बघतो. आधी जबडा घट्ट, मग डोळे पोरावर खिळतात, मग तो टॉवेल फेकतो. जवळ जाऊन मुलाला कवेत घेतो. त्या प्रसंगात त्याच्या वाट्याला संवाद नगण्य आहेत. केमिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी असलेला हा माणूस, आयुष्यभर त्याला पुतळा म्हणूनच वापरलं गेलं.

उनाड_वारा

स्टेथम? 'स्पाय' (२०१५) मध्ये एकदाही न हसता मारलेल्या थापा आठवल्या तरी मला हसू आवरत नाही. बाकी तो स्वतःच्या चाकोरीत सुखी आहे आणि मी त्याला बघण्यात सुखी आहे.

शेवटची_रांग

मध्यलय, आता मूळ वादावर या. बटिस्टा पहिला कसा? 'रॉकी' तर मी सांगितलाच. 'कॉप लँड' (१९९७) घ्या. स्टॅलोनने वजन वाढवलं, पोट सुटलेला, एका कानाने बहिरा शेरीफ. समोर डी नीरो, कायटेल, रे लिओटा. या तिघांच्या गर्दीत तो मुद्दाम मंद, मुद्दाम मागे राहतो. जिला वाचवताना कान गेला तीच बाई त्याला विचारते, लग्न का नाही केलंस? तो सांगतो की चांगल्या मुलींची लग्नं होऊन गेली होती. हे तो तिच्याकडे बघत म्हणतो आणि पुढे काहीच म्हणत नाही. मग 'क्रीड' (२०१५), जिथे म्हाताऱ्या रॉकीला डॉक्टर कर्करोग सांगतात आणि तो उपचार नको म्हणतो, कारण बायकोवर तेच उपचार होऊनही ती गेली. त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्कर नामांकन मिळालं. सर्वात वाईट कामांना पुरस्कार देणाऱ्या ज्या रॅझीवाल्यांनी २००० साली त्याला शतकातला सर्वात वाईट नट ठरवलं होतं, त्यांनीच नंतर त्याला सुधारणेचा पुरस्कार दिला. बटिस्टाकडे याच्या तोडीचं काय आहे?

मध्यलय

शेवटची_रांग, 'कॉप लँड'मधला तो प्रसंग माझाही अत्यंत आवडता. सर्वोत्तम एकच भूमिका निवडायची तर पहिला 'रॉकी' हे मी आत्ता लिहून देतो. पण स्टॅलोनच्या या चार कामांच्या मध्ये किती सिनेमे असे आहेत की जिथे तो नुसता उभा आहे? चांगला दिग्दर्शक आणि चांगली संहिता मिळाली की तो उंच जातो. नाही मिळाली की स्वतःच्या पोस्टरसारखा दिसायला लागतो. बटिस्टा वाईट सिनेमातसुद्धा माणूस म्हणून उभा राहतो, हा माझा मुद्दा आहे.

'नॉक ॲट द केबिन' (२०२३) तर नायकाचीच भूमिका आहे. सुरुवातीला एक लहान मुलगी गवतात नाकतोडे पकडतेय, झाडीतून हा राक्षसासारखा माणूस येतो. पांढरा शर्ट, चष्मा, हातांवर गोंदण. कॅमेरा चेहऱ्याला अगदी चिकटलेला, लपायला जागा नाही. तो खाली बसतो, तिच्याशी शिक्षकासारखा बोलतो, तिला नाकतोडा पकडून देतो. आवाजात खरी माया आहे आणि त्याच वेळी आपण पुढे जे करणार आहोत त्याची खरी शरम आहे. दोन्ही खोटं वाटत नाही. प्रेक्षक म्हणून मला त्याच्यापासून पळायचं होतं आणि त्याला धीरही द्यायचा होता.

अबोली_२

बटिस्टाच्या बाजूने माझंही एक मत. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या दुसऱ्या भागात (२०१७) त्याचा ड्रॅक्स शांत बसून समोरचा निसर्ग बघतोय, मनात गेलेली मुलगी. मँटिस त्याच्या खांद्याला हात लावते, तिला दुसऱ्याच्या भावना स्पर्शाने कळतात, आणि ती हमसून रडायला लागते. ड्रॅक्स मात्र तसाच. विनोदी पात्र आहे, पूर्ण रंगवलेलं अंग, आणि या प्रसंगात त्याला करायला काहीच दिलेलं नाही. तरीही आपण त्याच्याच चेहऱ्याकडे बघतो आणि मँटिसला काय कळलं ते आपल्याला तिथे सापडतं.

कोरा_कागद

आणि 'द लास्ट शोगर्ल' (२०२४)? पामेला अँडरसनसमोर बटिस्टा. लांब केस, एका जुन्या शोचा रंगमंच सांभाळणारा, ओशाळा माणूस. ॲक्शन नावालाही नाही. दोघं जेवायला बसतात तो प्रसंग बघा. तो चांगलं वागायचा प्रयत्न करतोय आणि प्रत्येक वाक्य चुकीच्या जागी पडतंय. आपण चुकीचं बोललो हे त्याला वाक्य अर्ध्यात असतानाच कळतं, पण तोंड थांबत नाही. हे संहितेत लिहून मिळत नाही.

शेवटची_रांग

'द लास्ट शोगर्ल' बघितलेला नाही, या शनिवारी लावतो. पण बटिस्टाने अजून एकही अख्खा सिनेमा रॉकीसारखा एकट्याच्या खांद्यावर पेलून लोकांच्या मनात कायमचा रुजवलेला नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. 'नॉक ॲट द केबिन' चार-पाच जणांत वाटलेला आहे.

मध्यलय

तशी भूमिका त्याला अजून कोणी दिलेली नाही, हे खरं. स्टॅलोनलाही कोणी दिली नव्हती, त्याने स्वतः लिहिली आणि मीच नायक होणार म्हणून अडून बसला. बटिस्टाने आता तेच करावं असं मला मनापासून वाटतं. लिहिता येत नसेल तर लिहिणारा शोधावा. शनिवारी बघून झालं की त्या जेवणाच्या प्रसंगाबद्दल इथेच लिहा, वाट बघतोय.